मामांच्या गिटारचा बारीक आवाज

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या स्टेजवरून खाली उतरल्यावर माझ्या सासऱ्यांनी गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, ही आता दे कुनाला तरी. पुढच्या साली मी काय बसत न्हाई."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय ऐंशीच्या घरात, पण स्वभाव अजून कोवळा, एवढ्यातेवढ्यात फुगून बसतात. मूळचे जामखेडकडचे. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. म्हणजे मांडीवर आडवी घेऊन, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवरून सरकवत वाजवतात ती. ऑर्केस्ट्रा मोडला, मामा इकडं नगरला एमआयडीसीत नोकरीला लागले, आम्ही तिथल्याच नागापूरचे झालो. गिटार मात्र राहिली, आणि दर वर्षी बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या गायन पार्टीबरोबर मामांचं बसणंही राहिलं.

त्या वर्षी झालं असं, की साउंडवाल्यानं गिटारचा आवाज पार बारीक करून ठेवला. म्हणे घरघर येते. मामा अख्खा कार्यक्रमभर मान खाली घालून वाजवत होते आणि खाली आम्हाला फक्त कीबोर्ड आणि ढोलकी ऐकू येत होती. मी जाऊन त्या साउंडवाल्याशी भांडलेसुद्धा. तो म्हणाला, "काकू, म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवलाय ना, बसवलंय ना स्टेजवर." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मान ठेवायला मामा काय फोटो आहेत का?

बरं, प्रकरण तिथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आमचे हे टेम्पो चालवतात, शिर्डीच्या हॉटेलांना माल पोचवतात. ह्यांनी बोलता बोलता एका हॉटेलवाल्याजवळ विषय काढला. त्या हॉटेलवाल्याला जेवणाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंची भिंत करायची होती. पितळी बंब, जुनी सायकल, हातानं फिरवायचा टेलिफोन, असलं सगळं जमवत होता. त्याला गिटार पाहिजेच झाली. आणि मामांनी हो म्हटलं. म्हणजे अगदी सरळ हो नाही. म्हणाले, "यंदा एकदा बसतो. ऐकू आली तर ठेवतो. न्हाई आली तर पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी घेऊन जावा."

मला ते सहन होईना. मला सुरातलं काडीचं कळत नाही, खोटं कशाला बोलू. पण लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून संध्याकाळी मी भाकरी थापतेय आणि बाहेरच्या खोलीत मामा गिटार घेऊन बसलेत, हे असंच चाललंय. ती वाजत असली की मला वाटतं, घरात सगळं ठीक आहे. आणि ती गिटार कुणाच्यातरी पनीर मसाल्याच्या वर खिळ्याला लटकणार? मी म्हटलं, बघतेच.

आता मी काय करते तेही सांगून टाकते. एमआयडीसीत मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं मी वायंडिंग करते. जळालेल्या मोटरी येतात, विहिरीवरच्या, कारखान्यातल्या, पिठाच्या गिरणीच्या. जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची आणि पाठवून द्यायची. तेव्हा तार, ट्रान्सफॉर्मर, सोल्डरिंग ह्याची मला भीती नाही. मामांना त्यांच्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या वेळचं व्हॉल्वचं मशीनच पाहिजे होतं. ॲम्प्लिफायरला ते मशीन म्हणतात. काचेचे व्हॉल्व आत लाल होतात, गरम होतात, ते. हल्लीच्या डब्यांचा आवाज पत्र्यासारखा येतो हे त्यांचं ठाम मत, आणि एकदा मत झालं की मामांपुढं हात टेकायचे.

गिटारला घरचं मशीन असलं की साउंडवाल्याच्या हातात काही राहणार नाही, म्हणून मग मीच बनवायचं ठरवलं. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, भंगारच्या बाजारातून जुन्या रेडिओचे आणि लाउडस्पीकरच्या मशीनचे व्हॉल्व आणले, पत्रा कापून सगळं बसवायला खोक्यासारखी चासी केली आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर माझ्या हातानं गुंडाळला. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे ह्या मशीनचा जीव. व्हॉल्वमधून येणारी ताकद तो स्पीकरला पेलेल अशी करून देतो. दुकानातून सुट्टी झाली की मी हीच भानगड घेऊन बसायची. स्वयंपाक ह्यांच्याकडं गेला. महिनाभर आम्ही पिठलं आणि खिचडी, खिचडी आणि पिठलं, असं खाल्लं, पण कुणी तक्रार केली नाही. मामांना तर कळतच नव्हतं काय खातोय, त्यांचं सगळं लक्ष मशीनकडं.

मशीन जोडून झालं. चालू केलं. व्हॉल्व लाल झाले, मामांचा चेहरा खुलला. गिटारची पिन लावली, मामांनी कांडी सरकवली, आणि आवाज आला. गोड होता. पण इतका बारीक, की शेजारच्या खोलीतला पंखा त्याच्यापेक्षा जोरात चालत होता.

मामा म्हणाले, "चांगला हाय." मग जरा थांबून म्हणाले, "बारीक हाय." आणि मग गिटार बाजूला ठेवून चहा मागितला. ते चहा मागतात तेव्हा समजायचं, आतून खचलेत.

पौर्णिमा जवळ आली होती. मी दुसऱ्या दिवसापासून हात धुऊन त्या आवाजाच्या मागं लागले.

आधी व्हॉल्वच म्हातारे असतील असं वाटलं. दुसरे घालून बघितले, फरक नाही. मग मीटर घेऊन एकेक जागा तपासली. ह्या मशीनमध्ये आत तीनशेच्या पुढं व्होल्ट असतात, चुकून दोन्ही हात लागले तर फोटोला हार. म्हणून मी तपासताना एक हात पाठीमागं धरायची. मामांना ते फार आवडायचं. गल्लीतल्या प्रत्येकाला सांगायचे, "आमची सून एका हातानं मशीन दुरुस्त करती." सगळे व्होल्ट बरोबर. जिथं जेवढे पाहिजेत तिथं तेवढे. गिटारची पिन तपासली, वायर तपासली, स्पीकर दुसऱ्या डब्याला लावून बघितला. सगळं ठणठणीत, आणि आवाज मात्र उपाशी.

ह्यांना तोंड बंद ठेवता येत नाही. पिठलं हलवता हलवता म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर बघितला का?"

मी म्हटलं, "तो मी गुंडाळलाय."

"म्हणूनच विचारलं."

बोलले असते तर त्या दिवशी घरात पिठलंही झालं नसतं. पण डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर सोडवला, पिशवीत घालून दुकानात नेला, जेवणाच्या सुट्टीत टेबलावर लावून एकूण एक टोक मोजलं. इतकी वर्षं लोकांच्या मोटरी भरल्या आणि घरच्याच कामात चूक निघाली तर तोंड दाखवायची सोय नाही. पण आकडा तंतोतंत. संध्याकाळी घरी येऊन मी ट्रान्सफॉर्मर ह्यांच्यासमोर ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "घ्या. वरण वाढू का याला?"

ह्यांनी आधी ट्रान्सफॉर्मरकडं आणि मग माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मग आता?"

तेच तर कळत नव्हतं. पौर्णिमा चार दिवसांवर आली. मामांनी गिटार पुसून, पेटीत घालून, पेटी दाराजवळ नेऊन ठेवली. मी पेटी उचलून परत आत ठेवली. संध्याकाळी बघते तर पेटी पुन्हा दाराजवळ. आम्ही दोघं दोन दिवस ती पेटी आतबाहेर करत होतो आणि एकमेकांना चकार शब्द विचारत नव्हतो.

मग एका व्हिडिओत बघितलेलं आठवलं. मोठ्या व्हॉल्वच्या पायाशी एक रेझिस्टर असतो आणि त्याच्या जोडीला एक कंडेन्सर. रेझिस्टर व्हॉल्वला आवरून धरतो आणि कंडेन्सर आवाजाला वाट मोकळी करून देतो. कंडेन्सर कामातून गेला तर मीटरवर सगळं ठाकठीक दिसतं, फक्त आवाज दबून जातो. मी एक नवा कंडेन्सर घेतला, एक टोक व्हॉल्वच्या पायाला लावलं, दुसऱ्या टोकाला चिमटा लावून तो चासीच्या कडेला अडकवला, हात मागं घेतला आणि म्हटलं, "मामा, वाजवा."

मामांनी पेटी उघडायला वेळ लावला. मग कांडी सरकवली, आणि खोली भरून आवाज आला. कपाटाची काच थरथरली. ह्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मामा एकदम थांबले, गिटारकडं बघितलं आणि परत वाजवलं, आणि मग नुसतं वाजवतच राहिले. मला तर जिवात जीव आल्यासारखं झालं. डोळे भरले, ते मी धुरावर ढकललं, सोल्डरिंगचा धूर होताच जवळ.

मशीन बंद केलं, आतला सगळा करंट उतरू दिला, जुना कंडेन्सर काढला, त्याच्या जागी नवा नीट सोल्डर केला. पुन्हा चालू केलं. मामांनी ऐटीत कांडी सरकवली.

बारीक. अगदी पहिल्यासारखा बारीक.

त्या वेळी मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तोच कंडेन्सर, तीच जागा. चिमट्यानं लावला तर गडगडाट, आणि सोल्डर केला तर मांजर. मी पुन्हा चिमटा लावला, आवाज आला. काढला, गेला. ह्यांना वाटलं मशीनलाच बाधा झालीय. मला म्हणाले, "जरा लांब बस, तुझ्या रागानं बंद पडत असेल."

मी खरंच लांब जाऊन बसले, ओट्यावर. आणि विचार करायला लागले, की चिमटा आणि सोल्डर ह्यांत फरक काय? वरचं टोक दोन्हीकडं एकच. खालचं टोक वेगळं. सोल्डर केलेलं टोक चासीवरच्या स्क्रूला बसवलेल्या पत्रीला जातं, आणि चिमटा मी चासीच्या कडेला लावला होता. पत्रा कापला तिथली उघडी कड.

उघडी का, तर बाकी सगळ्या चासीला मी वार्निश लावलं होतं.

आमच्या दुकानात वार्निशशिवाय काही बाहेर पडत नाही. सवयच तशी लागलेली. नगरची हवा कोरडी, पण विहिरीवरच्या मोटरीला ओल लागते, गिरणीतल्या मोटरीला पीठ लागतं, म्हणून जे हातातून जाईल त्याला वार्निश. चासी कापून झाली तेव्हा मी काही विचारही केला नव्हता, दुकानातून डबा आणला आणि दोन हात मारून दिले. छान चकाकली होती. बाकीच्या स्क्रूंखाली मी घासून पत्रा मोकळा केला होता, तेवढी अक्कल होती. पण हा एक स्क्रू नंतर, जागा पुरेना म्हणून घेतलेला. तो वार्निशवरच आवळला होता. रेझिस्टरचं टोक दुसऱ्या, घासलेल्या स्क्रूला, त्यामुळं व्होल्ट सगळे बरोबर. कंडेन्सरचं टोक मात्र वार्निशवर बसलेलं, म्हणजे कुठंच जोडलेलं नाही.

मीटर लावला. पत्री आणि चासी, मधे काही नाही, मीटर गप्प. मी कपाळावर हात मारला. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" आता सांगितलं तर हे वर्षभर माझं जगणं मुश्किल करणार हे मला माहीत होतं, तरी सांगितलं. ह्यांनी हसून हसून भिंतीचा आधार घेतला. म्हणाले, "बाई, उद्या भाकरीला नको हं लावूस!"

मी स्क्रू काढला, ब्लेडनं खालचं वार्निश खरवडलं, पत्रा चकचकीत केला, पुन्हा आवळला. मामांनी वाजवलं. ह्या वेळी समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मी ते मशीन स्वतः उचलून स्टेजवर नेलं आणि मामांच्या मागं, मशीनशेजारी, हाताची घडी घालून बसले. साउंडवाला तोच होता. पहिल्या गाण्यालाच त्यानं खालून मला हातानं खूण केली, जरा कमी करा. मी दुसरीकडं बघितलं. त्यानं पुन्हा खूण केली. मी त्याच्याकडं बघितलं आणि मग त्यानं खुणा करायच्या सोडल्या.

मामा वाजवत होते आणि विहाराच्या पायरीपासून रस्त्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत गिटार ऐकू येत होती. लोक माना वळवून बघत होते. गायकानं एकदोनदा गाणं सोडून मामांना पुढं जाऊ दिलं. मला वाटलं, झालं, जिंकलो.

आणि मधल्या एका गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधीच्या तुकड्यात, मामांची कांडी पुढं घसरली. सूर वाकडा गेला. आणि आता बारीक आवाज नव्हता, तो वाकडा सूर टपरीपर्यंत गेला. ढोलकीवाल्यानं मान वर केली. पुढं बसलेली लहान पोरं फिस्सकन हसली. मामांचे कान मला मागून दिसत होते, ते लाल झाले. मला वाटलं, हात तोडून टाकावा माझा. गप्प लटकली असती भिंतीवर तर काय बिघडलं असतं? मी आवाज दिला, तो चारचौघांत शोभा करायला दिला का?

कार्यक्रम संपला, खीर वाटायला सुरुवात झाली. मामा खुर्चीवर बसले होते, वाटी हातात तशीच. महिला मंडळात गाणी म्हणणारी आमच्या गल्लीतली एक बाई खिरीचं पातेलं घेऊन आली, मामांच्या वाटीत पळीभर खीर घातली आणि म्हणाली, "मामा, दुसऱ्या कडव्याच्या आधी चुकलात हो."

माझं डोकंच फिरलं. ही काय वेळ आहे का बोलायची? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "तुला ऐकू आलं?"

"न ऐकायला काय झालं, सगळ्या वस्तीला ऐकू आलं."

"मी कुठं चुकलो ते बी कळलं तुला?"

"खाली जायचं तिथं वर गेलात."

मामांनी वाटी मांडीवर ठेवली. मग माझ्याकडं वळून, लहान पोरानं बक्षीस दाखवावं तसा चेहरा करून म्हणाले, "बघ. बरोब्बर सांगितलं तिनं. इतकी वर्सं मी त्या जागंला चुकतोय, अन् आज पयल्यांदा कुनीतरी बोललं." आणि खीर खायला लागले. त्यांनी आणखी मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलवाले आले. भला माणूस, बरोबर गुंडाळायला फोम आणि दोरी आणली होती. मामा अंघोळ करून, मशीन चालू करून, कॉटवर बसून तोच तुकडा घोटत होते. हॉटेलवाले म्हणाले, "वा, मामा, छान. मग काय, न्यायची ना?"

मामांनी हात थांबवला नाही. "न्हाई. न्हाई जमायचं. चुकतोय मी."

हॉटेलवाल्यांना काही उमजेना. म्हणाले, "अहो चुकतंय तर मग कशाला त्रास घेता?"

"आता ऐकू येतं ना लोकांला," मामा म्हणाले. "आता सुधारावं लागंल."

मी चहा टाकला. ह्यांनी हॉटेलवाल्यांना टेम्पोतलं पितळी घंगाळ दाखवून कसंबसं गप्प केलं. चहा झाला, निरोप झाला, हॉटेलवाले निघून गेले. मामा त्याच जागेवर होते, खाली जायचं तिथं वर जात होते, आणि पुन्हा सुरुवातीपासून घेत होते.